डायब्लो कॅन्यनचे समर्थक : पगारी की प्रामाणिक?

अणुऊर्जेची बाजू घेणारे लोक कंपन्यांचे पगारी असतात, हे अणुऊर्जेच्या वादात नेहमी ऐकू येणारे विधान पूर्णपणे नाकारता येत नसले, तरी ते पुरेसेही नाही. कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन हा सुमारे २,२०० मेगावॉट क्षमतेचा अणुवीज प्रकल्प २०२५पर्यंत बंद करण्याचा निर्णय मालक कंपनीनेच २०१६ साली जाहीर केला, आणि त्याच वर्षी तिथे नोकरी करणाऱ्या हेदर हॉफ व क्रिस्टिन झाइट्झ यांनी ‘मदर्स फॉर न्यूक्लिअर’ ही संस्था काढली. दोघी पगारदार होत्या हे खरेच, पण त्यांची मागणी मालकाच्या जाहीर धोरणाविरुद्ध होती. (याच परिसरात ‘मदर्स फॉर पीस’ ही संघटना १९७०च्या दशकापासून प्रकल्पाला विरोध करत आली आहे, म्हणजे आईपणावर दोन्ही बाजूंचा दावा!)

मात्र २०२२ साली राज्याने या प्रकल्पाला २०३०पर्यंत मुदतवाढ देणारा कायदा केला, त्याचे सारे श्रेय या मंडळींना देणे मला पटत नाही. ऑगस्ट २०२०च्या उष्णतेच्या लाटेत, सूर्य मावळून सौरवीज घटलेली आणि घरोघरी वातानुकूलन यंत्रे मात्र सुरूच, अशा वेळी राज्यात आळीपाळीने भारनियमन करावे लागले, तेव्हाच राज्यकर्त्यांचे डोळे उघडू लागले. कार्यकर्त्यांनी केले ते एवढेच, की भूमिका बदलू पाहणाऱ्या नेत्यांना स्थानिक पाठिंबा दाखवता आला. वापरलेले किरणोत्सर्गी अणुइंधन आजही प्रकल्पाच्या आवारातच साठवलेले आहे, या आक्षेपाला समर्थकांनी अधिक नेमके उत्तर द्यायला हवे.