उत्तर युगांडा: एलआरएच्या तावडीतून सुटलेल्या मुलांचं पुढे काय झालं?

रानजाई

नमस्कार. बालगृहांतल्या कर्मचाऱ्यांसाठी एका दिवसाचं प्रशिक्षण आखते आहे. त्यात सशस्त्र गटांतून परतलेल्या मुलांवर एक सत्र आहे. उदाहरण म्हणून उत्तर युगांडा घ्यायचं ठरवलंय, कारण तिथे हजारो मुलं परतली आणि त्यांचं पुढे काय झालं हेही बऱ्यापैकी अभ्यासलं गेलंय. एलआरए म्हणजे लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी, सरकारविरुद्ध लढणारा बंडखोर गट. त्याचा म्होरक्या जोसेफ कोनी कोण, त्यांनी मुलं कशी पळवली, हे कुठेही वाचायला मिळतं. मला त्यापुढचं हवंय. जंगलातून बाहेर आलेलं मूल आधी कोणाच्या हाती जायचं, कुठे राहायचं, घरी जाताना त्याला काय मिळायचं, आणि यात कुठे चुकलं? अंडं फोडून शुद्धीकरण करतात असं वाचलं, ते सगळ्यांचंच व्हायचं का? समुपदेशनाचा उपयोग झाला का?

गोदाकाठ

रानजाई, कार्यपद्धतीपुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

मूल चकमकीत सापडो की स्वतः पळून येवो, पहिला मुक्काम बहुधा सरकारी लष्कराकडे. लष्कराचा एक बाल संरक्षण कक्ष उत्तर युगांडातल्या गुलू शहरात होता. तिथे ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम. प्रत्यक्षात पुष्कळ मुलं जास्त दिवस अडकायची, कारण शस्त्रं कुठे पुरली आहेत, कोणता कमांडर कुठे आहे, ही माहिती त्यांच्याकडून काढायची असायची. काही मुलगे तिथूनच सरकारी सैन्यात गेले. तुमच्या सत्रात यावर थांबाच: चौकशी आणि सांभाळ एकाच हातात असले की मुलाच्या दृष्टीने फक्त कमांडर बदलतो.

तिथून स्वागत केंद्र. गुलूत गुस्को आणि वर्ल्ड व्हिजन या संस्थांचं, किटगुममध्ये किक्वा संस्थेचं, लिरात राकेले केंद्र. आधी वैद्यकीय तपासणी: अंगात राहिलेल्या गोळ्या आणि छर्रे, त्वचारोग, कुपोषण, लैंगिक आजार. मग ठरलेली दिनचर्या: झाडलोट, स्वयंपाक, खेळ, नाच, शिवणकाम, सुतारकाम. त्याच वेळी घरच्यांचा शोध. मुक्काम काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. गुलूच्या मेगा एफएमवर 'द्वोग पाचो' म्हणजे 'घरी ये' हा कार्यक्रम होता. परतलेली मुलं त्यात स्वतःच्या आवाजात सांगायची की मी जिवंत आहे, आल्यावर मारत नाहीत. जंगलात हा रेडिओ ऐकला जायचा आणि तो ऐकून लोक खरोखर बाहेर पडले. मात्र आवाज ओळखला की मागे राहिलेल्या भावंडांवर सूड उगवला जाण्याचा धोका होता.

बंडखोरांसाठीच्या २००० च्या माफी कायद्याखाली १२ वर्षांवरच्यांना प्रमाणपत्र आणि एक संच मिळायचा: २,६३,००० शिलिंग रोख, गादी, ब्लँकेट, भांडी, पाण्याचे कॅन, कुदळ, मका-घेवड्याचं बियाणं. घरी जाण्यासाठी हा संच ठीक वाटतो, पण घर होतं कुठे? गुलू-किटगुमच्या बाजूला राहणाऱ्या अचोली लोकांपैकी ९० टक्के माणसं तेव्हा विस्थापितांच्या छावण्यांत होती. कुदळ मिळाली तरी छावणीबाहेरच्या शेतात जाणं जिवावरचं. आणि ज्याचं घर जाळलं गेलं तो शेजारी शिध्याच्या रांगेत उभा असताना, जाळणाऱ्यांतला म्हणून ओळखला जाणारा मुलगा नवी गादी घेऊन उतरायचा. शेजाऱ्याच्या रागाला दुष्टपणा म्हणता येत नाही.

दुसरी चूक मोजणीची. परतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कुठल्याच केंद्रातून गेले नाहीत, थेट घरी गेले. त्यांना ना प्रमाणपत्र, ना संच. पुढच्या योजना मात्र केंद्रांच्या याद्यांवर बेतल्या गेल्या.

तिन्हीसांज

अंड्याबद्दल. विधीचं नाव 'न्योनो तोंग ग्वेनो', अंड्यावर पाय देणं. उंबऱ्याशी ओपोबो झाडाची डहाळी ठेवतात. तिची साल बुळबुळीत असते, साबणासारखी धुण्यासाठी वापरतात. शेजारी 'लायिबी' नावाची काठी. कणगीचं झाकण उचलून धरायला ती वापरतात. म्हणजे या घरच्या धान्यावर पुन्हा तुझा हक्क. डहाळीच्या बेचक्यात कच्चं अंडं ठेवतात, आलेला माणूस त्यावर पाय देऊन आत येतो. हा विधी मुळात युद्धासाठीचा नाहीच, घर सोडून दूर राहून आलेल्या कुणासाठीही करत. त्यामुळे 'तू काय केलंस' हा प्रश्न त्यात येत नाही, आणि मुलांसाठी तो चालला तो याचमुळे.

याची गल्लत 'मातो ओपुत'शी करू नका. ती खुनानंतर दोन कुळांमधली तडजोड आहे: कबुली, भरपाई, मग दोन्ही बाजूंनी एकाच भांड्यातून कडू मुळीचं पेय. त्यासाठी कोणी कोणाला मारलं हे ठाऊक असावं लागतं. परक्या गावात, रात्री, हुकमावरून मारलेल्या अनोळखी माणसाचं कूळ कोण शोधणार? शिवाय शेजारच्या लांगो, तेसो भागांतही कत्तली झाल्या. अचोलींचा विधी त्यांच्यावर कसा लादणार?

सगळ्यांचंच व्हायचं का, तर नाही. पेन्टेकोस्टल पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबांना तो भूतबाधेचा प्रकार वाटायचा, ती प्रार्थना करवून घ्यायची. नंतर संस्थांच्या पैशांतून शेकडोंचे सामुदायिक विधीही झाले. त्याने अचोलींच्या पारंपरिक सरदारांचा मान वाढला, पण मुलाच्या स्वतःच्या आजीने उंबऱ्यावर अंडं ठेवण्याची सर त्याला येत नाही.

मनोव्यापार

समुपदेशनाबद्दल मोजमाप झालेली दोन कामं आहेत, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिलं गुलूजवळच्या दोन छावण्यांत, २००५ मध्ये. १४ ते १७ वर्षांची ३१४ मुलं, पळवून नेलेली आणि न नेलेली दोन्ही. एका गटाला आंतरव्यक्ती समूहोपचार, म्हणजे गटात बसून नात्यांतल्या अडचणींवर बोलण्याचा उपचार: आठवड्यातून एकदा, १६ बैठका, मुलग्यांचे आणि मुलींचे गट वेगळे, गट चालवणारी माणसं स्थानिक. दुसऱ्या गटाला खेळ-चित्र-नाटक, तिसरा प्रतीक्षेत. समूहोपचाराने मुलींचं नैराश्य स्पष्ट कमी झालं. मुलग्यांत फरक ठोस दिसला नाही. खेळ-चित्रांनी नैराश्यावर परिणाम झाला नाही. मुलांना चित्रं काढायला जरूर द्या, पण त्याला उपचार म्हणू नका. आधी तिथल्या लोकांना विचारून दुःखाची त्यांची नावं (तू ताम, कुमू, पार) आणि लक्षणं गोळा केली, मग मोजलं, हे मला त्या कामातलं सर्वांत घेण्यासारखं वाटतं.

दुसरं कथनोपचाराचं, म्हणजे स्वतःची जीवनकथा क्रमाने सांगण्याच्या उपचाराचं, १२ ते २५ वयाच्या ८५ माजी बालसैनिकांवर. आठ बैठका, प्रत्येकी दीड-दोन तास, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घेतलेल्या. सुरुवातीला जमिनीवर दोरी अंथरतात. एक टोक जन्म. दुसऱ्या टोकाला थोडी दोरी गुंडाळलेलीच ठेवतात, ते पुढचं आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड, मुलाने स्वतः क्रमाने मांडायचे. पुढच्या बैठकांत एकेक दगड घ्यायचा: काय दिसत होतं, कसला वास होता, छातीत काय होत होतं, आणि आत्ता सांगताना काय होतंय. कार्यकर्ता लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, शेवटी पूर्ण लिखाण मुलाच्या हाती देतो. आघातोत्तर तणावाची लक्षणं यात ठळकपणे घटली.

बिघडतं कुठे? भीती चढलेली असताना वेळ संपली म्हणून बैठक आटोपली तर मूल आणखी घाबरून घरी जातं. श्वास खाली येईपर्यंत, प्रसंग संपून 'नंतर काय झालं' इथवर पोचेपर्यंत उठायचं नाही. एकदाच येऊन 'तुझी गोष्ट सांग' म्हणणारे पाहुणे आणि पत्रकार नेमकं हेच नुकसान करतात. बालगृहाच्या दारात त्यांना अडवायला शिकवा.

आणि प्रत्येक मुलाला उपचार लागतो हे गृहीत धरू नका. तिथल्या तरुणांच्या मोठ्या सर्वेक्षणात तीव्र मानसिक त्रास मुख्यतः सर्वाधिक हिंसा वाट्याला आलेल्यांमध्येच आढळला. सरसकट नुकसान झालं ते शाळेचं आणि कमाईचं. पळवून नेलेल्यांची शाळा सरासरी पाऊण वर्ष बुडाली, कौशल्याची कामं निम्म्यावर आली, कमाई तिसऱ्या हिश्श्याने घटली.

रानजाई

मनापासून आभार. मुलींबद्दल वेगळं सांगाल का? बाळं घेऊन परतलेल्यांबद्दल?

बांधावरून

हा भाग सगळ्यांत कमी बोलला जातो. १९९६ मध्ये अबोकेच्या शाळेतून १३९ मुली पळवल्या. तिथल्या सिस्टर राकेले मागोमाग जंगलात गेल्या आणि १०९ जणींना सोडवून आणलं, ३० मुली मागे राहिल्या. त्यांच्याबद्दल जगभर बोललं गेलं. खेड्यांतल्या शेतांवरून नेलेल्या मुलींसाठी बोलणारं कुणी नव्हतं.

कमांडरांनी 'बायको' म्हणून वाटून घेतलेल्या मुली बाळांसह परतल्या तेव्हा केंद्रांकडे तयारी होती ती गादी आणि शिवणयंत्राची. खरा प्रश्न जमिनीचा निघाला. अचोलींमध्ये जमीन कुळाची आणि मूल बापाच्या कुळाचं. २००६ च्या युद्धबंदीनंतर छावण्या रिकाम्या होऊ लागल्या, माणसं आपापल्या बांधावर परतली, आणि या मुलांना विचारलं गेलं, तुझा बाप कुठला? बाप मेलेला, नाहीतर अजून जंगलात. त्याचं खरं नाव आईलाही ठाऊक नसायचं, कारण कमांडर युद्धातली टोपणनावं वापरायचे. मामा म्हणतो, माझ्या मुलांनाच पुरत नाही. आईचा नवा नवरा म्हणतो, बंडखोराचं पोर नको. मुलगी लग्न होऊन निघून जाते, मुलग्याला मात्र झोपडी बांधायला जागा लागते, म्हणून मुलग्यांचा प्रश्न वयात येताना जास्त पेटतो.

यावर परतलेल्या बायकांनीच काढलेला उपाय म्हणजे पितृकुळाचा शोध. बरोबर असलेल्या इतर बायकांकडून बापाचं खरं नाव आणि गाव जुळवायचं. मग आधी मुलाला न नेता मोठी माणसं तिथे जाऊन विचारतात. कुळाने मान्य केलं तरच मुलाची भेट. घाई केली तर दोन गोष्टी होतात: तिकडचे मुलाला तोंडावर नाकारतात, किंवा आईला बाजूला सारून मुलावर हक्क सांगतात. म्हणून मूल कुठे राहणार हे भेटीआधी आईच्या मर्जीने ठरवून घेतात.

मदत कशी द्यावी याचा एक चांगला नमुना: किटगुम-पादेर भागात गावांनीच अत्यंत गरीब निवडले, बहुतेक तरुण बाया, त्यात पळवलेल्या आणि न पळवलेल्या दोन्ही. पाच दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण, सुमारे १५० डॉलर आणि नंतर घरी येऊन पाठपुरावा. दीड वर्षात कमाई जवळपास दुप्पट झाली. 'माजी बंडखोर' हा शिक्का लाभार्थी यादीत नव्हता.

कलम८३

कायद्याचं थोडक्यात. २००७ च्या पॅरिस तत्त्वांनुसार बंदूक हाती घेतलेलीच नव्हे तर स्वयंपाक, हमाली, निरोप्याचं काम करणारी आणि लैंगिक शोषणासाठी ठेवलेली १८ वर्षांखालची सगळी मुलं 'सशस्त्र गटाशी जोडलेली मुलं' या व्याख्येत मोडतात. तुमच्या कर्मचाऱ्यांना गडचिरोलीच्या संदर्भात आपला कायदाही सांगा: बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ८३. केंद्राने तसं घोषित केलेल्या सशस्त्र गटाने मूल भरती केलं किंवा वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. इथे गुन्हेगार वापरणारा, मूल नाही.

डॉमिनिक ओंग्वेनचं उदाहरण घ्याल तर जपून घ्या. तो स्वतः लहानपणी पळवलेला, पुढे कमांडर. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये ६१ आरोपांत दोषी धरून २५ वर्षं दिली. दबाव आणि मानसिक आजाराचा बचाव फेटाळला, पण शिक्षा ठरवताना त्याचं बालपण धरलं. २०२४ च्या भरपाई आदेशात सुमारे ५० हजार पीडितांना प्रत्येकी ७५० युरो आणि सामूहिक पुनर्वसन आहे, आणि पीडितांमध्ये माजी बालसैनिकांबरोबर जंगलात जन्मलेली मुलंही आहेत. ओंग्वेनकडे पैसा नाही, त्यामुळे रक्कम न्यायालयाच्या पीडित निधीने देणग्यांतून उभी करायची आहे.