जॉबचा क्रम लावण्यासाठी कोणती पद्धत घ्यावी?

प्रश्न

आमचे शिरोली औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचे मशीनिंग करणारे छोटे वर्कशॉप आहे. एका व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) कामाची कायम रांग लागते. सुपरवायझर सोमवारी एक्सेलमध्ये क्रम लावतात आणि बुधवारपर्यंत तो कागद भिंतीवर नुसता शोभेला उरतो. कमी वेळाचे काम आधी घेऊन पाहिले, पण मोठे जॉब मागेच पडत गेले. जेनेटिक अल्गोरिदमवर (क्रमांत पुन्हा पुन्हा फेरफार करून चांगले क्रम निवडत जाणाऱ्या पद्धतीवर) चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे का?

उत्तर १

तुमचा नियम चुकीचा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. १, २ आणि ५ तासांची कामे याच क्रमाने घेतल्यास ती १, ३ आणि ८ तासांनी संपतात, म्हणजे सरासरी ४ तास. उलट क्रमाने सरासरी ६.६७ तास होते, मात्र मशीन दोन्ही वेळा ८ तासच चालते. तारखा पाळायच्या असतील, तर जवळच्या तारखेचे काम आधी घ्यावे; त्याने सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो.

उत्तर २

हे सेटिंगचा, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचा, वेळ क्रमावर अवलंबून नसेल तरच खरे. समजा, बिडाचे (ओतीव लोखंडाचे) तीन आणि ॲल्युमिनियमचे तीन जॉब आहेत. धातू बदलताना फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) आणि टूल बदलायला ९० मिनिटे लागतात, एरवी १५. आलटून-पालटून घेतल्यास सेटिंगमध्ये ४५० मिनिटे जातात, गट करून घेतल्यास १५०. पाच तास वाचतात, पण दुसऱ्या गटातले घाईचे काम अडकते. खरी ओढाताण इथे आहे.

उत्तर ३

ही ओढाताण सोडवायला गुगलच्या ओआर-टूल्स या सॉफ्टवेअर संचातील सीपी-सॅट हा मोफत सॉल्व्हर (अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणारा प्रोग्राम) पाहावा. जेनेटिक अल्गोरिदम चांगला क्रम देतो, पण तो सर्वोत्तम क्रमापासून किती दूर आहे हे सांगत नाही. सीपी-सॅट उत्तरासोबत हे अंतर जास्तीत जास्त किती असू शकते तेही सांगतो. १९६३ साली मांडलेल्या १० कामे व १० यंत्रांच्या नमुना प्रश्नाचे इष्टतम उत्तर १९८९ साली सिद्ध झाले. आज साधा संगणकही ते काढतो. मात्र पुढच्या एका पाळीचा क्रम गोठवून ठेवावा, नाहीतर दर तासाला नवा कागद निघेल आणि ऑपरेटर त्याकडे पाहणार नाहीत.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आठवडाभर घड्याळ लावून सेटिंगच्या वेळा टिपल्या: एकच बदल सकाळच्या पाळीत ४० मिनिटांत झाला, रात्रीच्या पाळीत त्याला ११० लागली. सॉल्व्हरला यातला कोणता आकडा द्यावा?

उत्तर २

सध्या पाळीनुसार दोन्ही द्यावेत, आणि रात्री फिक्श्चर शोधण्यात किती वेळ जातो तेवढे वेगळे टिपावे.