दिवा शांत झाला, तर तो कुठल्या दिशेला गेला?

दांडियाबाजारवाली:
आमचे अण्णा मागच्या फाल्गुनात गेले, ८६ वर्षांचे होऊन. सगळी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात. निवृत्तीनंतरही शेजारपाजारची शिवणयंत्रं, पंखे उघडून बसायचे, त्यामुळे अंगाला ग्रीसचा वास कायम. दुसरं वेड बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं. सयाजीराव महाराजांनी कोसंबींना दरमहा ५० रुपये दिले, बडोद्यात त्यांची व्याख्यानं करवली, हे मी इतक्यांदा ऐकलंय की पन्नासची नोट हातात आली की मला कोसंबीच आठवतात.

शेवटच्या आठवड्यात मी समई लावून त्यांच्याजवळ आले, तर म्हणाले, "माझं नर्मदेवर चांदोदला वगैरे काही करू नका गं. दिवा शांत झाला की तो पूर्वेला गेला का पश्चिमेला, विचारतं का कोणी?" मी म्हटलं, अण्णा, खिचडी आणू का. संपलं बोलणं.

आता वर्षश्राद्ध आलंय. थोरला भाऊ चांदोदला पिंडदान करायचंच म्हणून बसलाय. मी रोज ४० डबे करते, तत्त्वज्ञान माझा प्रांत नाही. पण ते वाक्य पोळ्या लाटताना डोक्यात फिरतं. बौद्धांत आत्मा नाहीच म्हणतात, मग निर्वाण मिळतं कोणाला? आणि मिळून काय, तर विझायचं? त्यासाठी माणूस एवढी खटपट का करील? लिंका देऊ नका, चष्म्याचा नंबर वाढलाय. समजावून सांगा.

नर्मदातीर:
ताई, उगाच गुंता करू नका. गीता, दुसरा अध्याय, २२वा श्लोक: जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यायची. बुद्धाला आत्म्याबद्दल विचारलं तर तो गप्प बसला, नाही म्हणाला नाही. आणि त्याच अध्यायाच्या ७२व्या श्लोकात 'ब्रह्मनिर्वाण' आहे. म्हणजे गोष्ट एकच. भावाचं ऐका, चांदोदला जा, वाटेत डभोईचा जुना दरवाजा, हिरा भागोळ, बघून या.

गुडघेदुखी:
हिरा भागोळ बघाच, बाकीचं थोडं थांबा.

तुमच्या अण्णांचं वाक्य मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं आहे, ७२वं सुत्त, म्हणजे प्रवचन. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धाला विचारतो, मुक्त झालेला भिक्षू मेल्यावर कुठे जन्मतो? बुद्ध म्हणतात, 'जन्मतो' हे लागू पडत नाही. मग जन्मत नाही? तेही लागू पडत नाही. वच्छगोत्त पार गोंधळतो. मग बुद्ध त्यालाच विचारतात, तुझ्यासमोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली, पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? तो म्हणतो, हा प्रश्नच बसत नाही. गवत-लाकडाच्या आधारावर जळत होती, आधार संपला, नवा मिळाला नाही.

यातली गंमत पाली शब्दात आहे. 'उपादान' म्हणजे सरपण, आणि 'उपादान' म्हणजेच घट्ट धरून ठेवणं. हे शरीर, ही सुखदुःखं, या आठवणी 'माझ्या' म्हणून धरणं हेच सरपण घालत राहणं. सारनाथला पाच भिक्षूंना सांगितलं ते याला जोडून वाचा: शरीर हा आत्मा असता तर त्याला 'असं हो, असं होऊ नकोस' असं सांगता आलं असतं. माझा उजवा गुडघा १२ वर्षं माझं काही ऐकत नाही, तेव्हा मला हा युक्तिवाद मान्य आहे.

नर्मदातीर, तो आत्म्याचा प्रश्न विचारणाराही वच्छगोत्तच, आणि त्या गप्प बसण्याचं कारण बुद्धांनी नंतर आपल्या आनंद नावाच्या शिष्याला सांगितलंय. 'आत्मा आहे' म्हटलं असतं तर आत्मा अमर मानणाऱ्या शाश्वतवाद्यांच्या बाजूला गेल्यासारखं झालं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर तो बिचारा वच्छगोत्त आणखी गोंधळला असता, की पूर्वी माझा आत्मा होता, आता तो गेला! त्या मौनाला होकार समजू नका. राहिलं ब्रह्मनिर्वाण. शब्द एक म्हणून वस्तू एक होत नाही. नाशिकचा चिवडा कोरडा आणि आपला बडोद्याचा लीलो म्हणजे ओलसर, नाव मात्र दोन्हीचं चिवडाच.

कमाटीबागेतला:
जयभीम ताई. मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. निर्वाण म्हणजे मेल्यावरचा मुक्काम हे आमच्या घरात कोणी मानतच नाही. बुद्धांना ते ३५व्या वर्षी मिळालं, पुढची ४५ वर्षं ते उन्हातान्हात चालत होते, भिक्षा मागत होते. पाठ दुखायला लागली की शिष्याला 'तू बोल, मी जरा पाठ टेकतो' म्हणायचे. ८०व्या वर्षी कुसिनाऱ्याला देह गेला, ते परिनिर्वाण. विझलेला माणूस ४५ वर्षं असा चालतो का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये हाच धागा धरलाय: विकार ताब्यात आले की माणूस धम्माच्या वाटेने चालू शकतो, ते निर्वाण. अमर आत्मा त्यांनी साफ नाकारला. दर २३ सप्टेंबरला आम्ही संकल्पभूमीवर जातो. १९१७ साली याच शहरात राहायला जागा मिळेना म्हणून ते तिथल्या झाडाखाली बसले होते. तिथे उभं राहिलं की मेल्यावर काय हा प्रश्न मला तरी सुचत नाही.

आजी गेली तेव्हा आम्ही त्रिसरण-पंचशील घेतलं, लोकांना जेवू घातलं. पिंड नाही. पण भावाशी भांडू नका.

शब्दवेडी:
'विझायचं' या शब्दाने तुमचा घोटाळा केलाय, काकू. तुम्ही स्वतः 'दिवा शांत झाला' लिहिलंत, ते जास्त बरोबर आहे. त्याहून जवळचा शब्द तुमच्या ओट्यावर आहे: निवणे. दूध निवलं, जीव निवला, डोळे निवले. हे 'निवणे' निर्वाणाच्याच घराण्यातलं, प्राकृतातून आपल्याकडे आलेलं.

एक गोष्ट सांगते. मुलगा राहुल जन्मला त्या दिवशी सिद्धार्थ नगरात परतत होता. गच्चीवरून किसा गोतमी नावाच्या क्षत्रिय मुलीने त्याला पाहिलं आणि म्हणाली, ज्या आईचा हा मुलगा ती 'निब्बुता', ज्या बापाचा तो 'निब्बुत', ज्या बाईचा हा नवरा तीही 'निब्बुता'. तिला म्हणायचं होतं, धन्य झाले, डोळे निवले त्यांचे. सिद्धार्थाच्या मनात मात्र आलं, खरंच, काय निवलं म्हणजे माणूस निवतो? आसक्ती, द्वेष, मोह यांची आग. चांगला शब्द ऐकवलास म्हणून त्याने तिला गळ्यातला मोत्यांचा हार पाठवला. ती बिचारी समजली, राजपुत्र प्रेमात पडला!

दांडियाबाजारवाली:
निवणे कळलं. ताप उतरतो तेव्हा 'ताप कोणाकडे गेला' असं आपण विचारत नाही, तसंच ना? आणि 'कोणाला मिळालं' हेही मग आपोआप गळतं. भावाला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, तुझं चालू दे, मी एकटा जातो. त्याच्याबरोबर डबा देईन, भरली वांगी, अण्णांची आवडती.

पण गुडघेदुखीकाका, एक विचारू का? हे सगळं कळूनही 'माझे अण्णा' सुटत नाहीत, त्याचं काय?

गुडघेदुखी:
भिक्षूंचंही सुटत नव्हतं. खेमक नावाचा आजारी भिक्षू थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंना, सांगतो, शरीर-वेदना यांतलं काहीच 'मी' नाही हे मला दिसतंय, तरी 'मी आहे' असं मागे उरतंच. दाखला परटाचा देतो. मळका कपडा खाऱ्या मातीने, क्षाराने, शेणाने धुतला, स्वच्छ पाण्यात खळबळला. मळ गेला, पण त्या खाराचा, शेणाचा वास राहिला. मग मालक तो सुगंधी पेटीत ठेवतो आणि हळूहळू तोही जातो. खेमकाचा हा 'मी आहे' ते सांगता सांगताच गेला, असं सुत्तात आहे. आपल्याला पेटी आणि बराच वेळ लागेल.

दांडियाबाजारवाली:
काका, अण्णांचा खाकी शर्ट कपाटात आहे, ग्रीसच्या वासाचा. फाल्गुनापासून मी तो धुतलेलाच नाही. उपादान म्हणा हवं तर. चला, डबे भरायचेत.