पिशवी, काचेची बाटली की तबेला? दुधाचा पर्यावरणावरचा भार नक्की कुठे असतो?

घोडबंदर_रहिवासी: ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत कोल्हापूरकडचं पिशवीतलं, मुरबाडकडच्या गोठ्याचं बाटलीतलं आणि तबेल्यातलं सुटं असं तिन्ही दूध मिळतं. बहुतेकांच्या मते प्लास्टिक टाळून जवळचं घेतलं की झालं. रतीब बदलायचा तर काय बघावं?

दुग्धतंत्र: पिशवी डोळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर राग निघतो. मोठा भार जनावराच्या पोटात आहे. रवंथ करताना ढेकरांतून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. म्हैस भाकड असली तरी पोट चालूच असतं. दोन वेतांमधलं अंतर लांबलं की लिटरमागचा भार वाढतो. म्हणून 'ए-टू (फक्त ए-टू प्रकारचं केसीन प्रथिन असलेलं दूध) आहे का' यापेक्षा 'दहांत दुभती किती' हे विचारा.

अंतराचाही हिशेब मांडा. २०,००० लिटरचा टँकर कोल्हापूर-वाशी जाऊन-येऊन ७५० किमी धावला, डिझेलच्या लिटरला ४ किमी धरले, तर दुधाच्या लिटरमागे ९-१० मिलि डिझेल. मुरबाडचा टेम्पो ५०० लिटर दूध घेऊन १३० किमीची फेरी करतो. १३ किमी धरले तर २० मिलि. पिशवीचं वाशीपासून पुढचं वाटप यात नाही, पण बाटली धुण्याचं गरम पाणी आणि कॉस्टिक सोडाही नाही. बाटल्या घरातच साठल्या तर उरलासुरला फायदाही गेला.

शेणखत_सानपाडा: 'दुभती किती' हा प्रश्न शहरी तबेल्यात फसवा आहे. तिथे भाकड म्हैस ठेवतच नाहीत, त्यामुळे दहांत दहा दुभत्या दिसतील. आटल्यावर ती कुठे जाते ते विचारा.

आणि शेण कुठे जातं ते बघा, अगदी चालत जाऊन. एक म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण टाकते. पाइप लावून नाल्यात सोडलं तर नाला मरतो, ओल्या खड्ड्यात साचलं तर मिथेन होतो. थापून वाळवलेल्या गोवरीत तो जवळपास होत नाही. बायोगॅसला २५ किलो शेणामागे तेवढंच पाणी लागतं, त्यातून साधारण १ घनमीटर गॅस मिळतो. बिघडतं ते गोठा धुतल्याचं सगळं पाणी टाकीत सोडल्यामुळे. शेण-पाण्याचा काला पातळ होतो, आणि त्यात फिनाईल असेल तर जिवाणूच मरतात.

घोडबंदर_रहिवासी: आणि पिशव्यांचं काय करायचं?

दुग्धतंत्र: कोपरा पूर्ण कापू नका, चीर देऊन पिशवीलाच लटकत ठेवा. सुटा तुकडा भंगारवाल्यापर्यंत पोचत नाही, गटारात जातो. पिशवी उलटी करून विसळा, वाळवा, गठ्ठा बांधा. आंबट वास आला की कोणी घेत नाही.

त्याहून महत्त्वाचं, दूध नासू देऊ नका. नासलेल्या लिटरमागची वैरण, मिथेन, डिझेल सगळं फुकट. ते सिंकमध्ये ओतलं तर आणखी वाईट, कारण कुजताना दूध सांडपाण्याच्या शेकडो पट ऑक्सिजन खातं. तापवताना ताजं दूध फाटलं आणि वास ठीक असला तर पनीर करा, पाणी कणकेत घाला. रोज पाव लिटर उरत असेल तर रतीबच पाव लिटरने कमी करा.