कव्हर लेटर लागतं का? कोकणातल्या नोकऱ्यांपुरता अनुभव धागा

बायोडेटासोबत पत्र जोडावं की नाही, यावर भरती करणाऱ्यांनी, अर्ज तपासणाऱ्यांनी लिहा. स्वतःच्या कहाण्या नकोत. पत्रात काय असावं आणि गाडी कुठे अडते, तेवढंच.

लोटे-परशुराम (चिपळूण-खेडजवळची एमआयडीसी), केमिकल
लागतं, पण अर्धं पान. पहिल्या ओळीत पद आणि शिक्षण: 'प्रोसेस ऑपरेटर, आयटीआय एओसीपी' (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड). मग हाताळलेली यंत्रं: ग्लासलाइन्ड रिअ‍ॅक्टर किती किलोलिटरचा, सेंट्रिफ्यूज कोणता, डीसीएस पॅनल (संगणकावरून नियंत्रण) की हाताने व्हॉल्व्ह. नायट्रेशन, हायड्रोजनेशन असा प्रक्रियेचा प्रकार जरूर लिहा, पण जुन्या कंपनीचं उत्पादन आणि बॅचच्या मात्रा लिहू नका. तिथलं इथे सांगणारा उद्या इथलं आणखी कुठे सांगेल, हाच विचार मनात येतो. जळगाव-नांदेडचा पत्ता दिसला की पहिली शंका टिकण्याची. म्हणून चिपळूण किंवा खेडला खोली घेणार का, तिन्ही पाळ्या चालतील का, नोटीस किती दिवसांची, हे सांगून टाका. बायोडेटात हे कुणी लिहीत नाही. पत्राचा खरा उपयोग तोच. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे सगळेच लिहितात, त्यावर नजर थांबत नाही.

वरच्याला जोडून
जुनंच पत्र पुन्हा पाठवताना वर लोट्याची कंपनी बदलतात, खाली महाडची तशीच राहते. शेवटचा परिच्छेद आधी तपासा. फाइलला 'न्यू फायनल 2' नव्हे, स्वतःचं नाव आणि पद द्या.

सरकारी
पोर्टलवर पत्राला जागाच नसते. कंत्राटी जाहिरातीत विहित नमुना, स्वसाक्षांकित प्रती जाहिरातीतल्याच क्रमाने, पाकिटावर पदाचं नाव. बहुतेक ठिकाणी अर्ज पोचल्याची तारीख धरतात, टपालात टाकल्याची नाही.

जहाजावर जाणारे
दापोली-खेडकडच्या पोरांनी निबंध लिहू नये. ईमेलच्या विषयातच रँक आणि कधीपासून मोकळे ते टाका. आत 5-6 ओळी: इंडॉस क्रमांक (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टची मुदत, शेवटचं जहाज कोणत्या प्रकारचं, साइन-ऑफची (जहाजावरून उतरल्याची) तारीख, एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या कामाचं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण) प्रमाणपत्रांच्या मुदती. सुरक्षा प्रशिक्षणाचा रिफ्रेशर (उजळणी कोर्स) 5 वर्षांनी लागतो. मुदत संपत आली असेल तर कोर्सची ठरलेली तारीखही द्या. एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक डीजी शिपिंगच्या (केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याच्या) यादीत पाहिल्याशिवाय कागद पाठवू नका. नोकरी लावण्याचे पैसे मागितले, की विषय संपला.

मालवण-तारकर्ली, हॉटेल
पत्र वाचूक हयसर कोणाक येळ नाय! व्हॉट्सॲपवर 4 ओळी टाका: काम कोणतं (तंदूर, मालवणी किचन, हाउसकीपिंग), राहायला जागा हवी का, कधीपासून. दिवाळीच्या गर्दीआधी, सप्टेंबरातच पाठवा. आणि गणपतीत गावी जाणार असाल तर तेही आधीच लिहा. ऐनवेळी सांगितलेल्या रजेपेक्षा ते परवडतं.

मासळी प्रक्रिया, आंबा कॅनिंग
इथे मजकुरापेक्षा वेळ मोठी. मासळीसाठी जून-जुलैची बंदी उठायच्या आत, कॅनिंगसाठी मार्चअखेर. मे महिन्यात आलेला अर्ज उघडायला कुणाचा हात रिकामा नसतो.