उत्पन्नाइतकाच प्रवेशाचा मार्गही पाहावा

महाराष्ट्रातील मुलींच्या फीमाफीवर चाललेल्या या चर्चेत वरील एका प्रतिसादात असे म्हटले आहे की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असले की मुलीची अभियांत्रिकीची फी माफ होते. उत्पन्नाची अट बरोबर आहे, पण ती एकमेव अट नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ मिळाला, तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्यांनाच. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरील प्रवेश, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागा, त्यातून वगळले आहेत. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेमकी इथेच गफलत होते. मुलगी घरापासून लांब नको, म्हणून पालक कॅपमध्ये लांबच्या कॉलेजात मिळालेली जागा सोडतात, जवळच्या कॉलेजात संस्था स्तरावर जागा घेतात आणि महाडीबीटीवर (शिष्यवृत्ती व फीमाफीच्या अर्जांचे राज्य शासनाचे संकेतस्थळ) अर्ज भरायला बसल्यावर त्यांना अपात्रता कळते. माझ्या शेजारच्या कुटुंबाचे असेच झाले. उत्पन्नाचा दाखला अगदी व्यवस्थित होता, उपयोग शून्य.

दुसरे असे की उत्पन्न कुटुंबाचे एकत्रित धरले जाते. वडील मुंबईत नोकरीला आणि दाखला मात्र गावच्या आंब्याच्या कलमांच्या उत्पन्नावर, हा प्रकार (सर्रास चालतो, हे मान्य) पडताळणीत अंगाशी येऊ शकतो. शिवाय वसतिगृह आणि खानावळीचा खर्च या माफीत येत नाही, त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज वेगळा करावा लागतो.