कंसात कंस असलेल्या मजकुराचे तुकडे पाडायला रेगेक्स वापरावे का?

धागाकर्ता:
कंसाबाहेरच्या स्वल्पविरामांवर मजकूर तोडण्यासाठी रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधणारी चिन्हांची सूत्रे) वापरण्याची सवय सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. `,(?![^()]*\))` हा पॅटर्न ‘क, ख(ग, घ(च, छ)), ज’ या ओळीवर चालवून पाहा. तुकडे हवेत तीन, मिळतात चार. कारण ‘ग’नंतरच्या स्वल्पविरामापुढे आधी उघडणारा कंस लागतो आणि आपण कंसाच्या आतच आहोत हे पॅटर्नला कळत नाही. गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या नियमित भाषा (मूळ रेगेक्सने वर्णन करता येणारे मजकुरांचे संच) ओळखणाऱ्या यंत्राच्या अवस्था मोजक्याच असतात, कंसांची खोली मात्र कितीही वाढू शकते. पॅटर्न कितीही लांबवला, तरी कुठल्या तरी पातळीवर तो फसणारच.

प्रतिसाद १:
उदाहरण बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. ती मर्यादा सिद्धांतातली आहे. पीसीआरई या रेगेक्स लायब्ररीमध्ये आणि ५.१० आवृत्तीपासून पर्ल या प्रोग्रामिंग भाषेमध्ये पॅटर्नचा एखादा गट स्वतःलाच पुन्हा बोलावू शकतो. स्वल्पविराम शोधण्याऐवजी तुकडेच शोधले, तर `(?:[^(),]++|(\((?:[^()]++|(?1))*\)))+` ही एकच ओळ आपल्या उदाहरणाचे नेमके तीन तुकडे देते.

धागाकर्ता:
तीन तुकडे मिळतात, हे मान्य. आता ‘ख(ग, घ’ अशी, कंस बंद करायचा राहून गेलेली ओळ त्याच पॅटर्नला द्या. ‘ख’, ‘ग’, ‘घ’ असे तुकडे निमूटपणे हाती येतात, उघडा कंस गळून पडतो आणि चूक झाल्याचा पत्ताही लागत नाही. मला खरी भीती याचीच वाटते. त्याऐवजी एकेक अक्षर क्रमाने तपासत जाणारा एक साधा लूप लिहावा: उघडणाऱ्या कंसाला एक मिळवायचा, बंद होणाऱ्याला एक वजा करायचा आणि आकडा शून्य असेल तेव्हाच स्वल्पविरामावर तोडायचे. आकडा उणे झाला किंवा शेवटी शून्यावर आला नाही, तर चूक तिथल्या तिथे सांगता येते. शिवाय पायथॉनच्या मूळ रेगेक्स मॉड्यूलमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये तुमचा पॅटर्न चालतच नाही.

प्रतिसाद २:
लूपची बाजू रास्त आहे, पण ‘ख("(", ग), घ’ ही ओळ आली की तोही कोलमडतो, कारण अवतरणातला कंस मोजायचा नसतो. मग अवतरणासाठी एक खूण ठेवा, अवतरणातल्या उलट्या तिरक्या रेघेसाठी (`\`) आणखी एक, असे करत तो लूप वाचवेनासा होतो. अवतरणे, कंस, स्वल्पविराम आणि उरलेला मजकूर वेगळा काढण्याचे काम रेगेक्सकडेच राहू द्यावे, कारण तिथे खोलीचा प्रश्नच येत नाही; खोली मात्र त्या सुट्या घटकांवरून लूपने मोजावी.